बाकीचे आवाज

चार्वीला खोटं बोलता येत नाही, हे मला पहिल्यांदा शिरीन मॅडमनी सांगितलं, आणि मी खूश झाले. म्हणालेसुद्धा, "आमच्या घरात कुणालाच येत नाही. सासूबाई सोडून."

मॅडम हसल्या नाहीत. एरवी त्या माझ्या फालतू विनोदांनाही हसतात. शिरीन मुजावर म्हणजे चार्वीच्या स्पीच थेरपिस्ट. चार्वी जन्मापासून बहिरी. वर्षाची व्हायच्या आतच तिच्या कानात यंत्र बसवलं, तेव्हापासून तिचा प्रत्येक शब्द त्यांच्यासमोर उमटलेला. त्यांनी टेबलावरची खडूची डबी माझ्याकडे सरकवली.

"उघड."

आत बटणं होती.

"आज मी चार्वीला ही दाखवली. डबी बंद केली आणि विचारलं, आता आज्जी आली आणि तिला ही बंद डबी दिली, तर आज्जी काय म्हणेल, आत काय आहे? काय म्हणाली असेल?"

"खडू."

"बटणं म्हणाली. मी म्हटलं, अगं, आज्जीनं आत कुठं बघितलंय? तर मला समजावून सांगते, मॅडम, पण आत बटणंच आहेत." त्यांनी डबी बंद केली. "चार वर्षांच्या पोराला हे जमतं. ही आता सात पूर्ण करेल. मला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसतं, हे तिला अजून उमगलेलंच नाही. त्याशिवाय खोटं बोलता येत नाही, थट्टा कळत नाही. आणि कुणी आपल्याशी खोटं बोललं तर तेही कळत नाही. चल, तुला आईनं बोलावलंय, असं कुणी म्हटलं तर ही जाईल."

खिडकीतून चार्वी दिसत होती. बाकावर बसून बुटाची पट्टी लावत होती, काढत होती, लावत होती. कानामागचं निळं बटण केसांतून डोकावत होतं.

"एकटी चार्वी असती तर मी थांबले असते," मॅडम म्हणाल्या. "पण पडवीतली माझ्याकडं येणारी सगळी मुलं तपासली. वाक्यं कशी छापल्यासारखी. आणि डबीत सगळ्यांची बटणं."

पडवीतली, म्हणजे माझी.

हे समजायला आधी ते यंत्र समजून घ्यावं लागेल. कानामागच्या बटणात बारीक माइक आणि प्रोसेसर असतो. तो आवाजाचे विजेचे ठिपके करतो, आणि कानाच्या आतल्या शंखात घातलेली केसाएवढी तार ते ठिपके थेट नसेला देते. बहिऱ्या बाळाचा मेंदू हळूहळू त्या ठिपक्यांना आवाज मानायला लागतो. जुन्या यंत्रांची एकच अडचण होती. त्यांना सगळे आवाज सारखेच. बाई शिकवतायत तेही आणि पंखा फिरतोय तेही. पोरं संध्याकाळपर्यंत थकून रडकुंडीला यायची.

चार्वीच्या पिढीच्या यंत्रांना एक नवी गोष्ट कळायला लागली. कोण कुणाशी बोलतंय ते. माणूस आपल्याकडे तोंड करून बोलतो, तेव्हा त्याच्या बोलण्यातले स, श, च असे धारदार आवाज सरळ आपल्यापर्यंत येतात. तोंड फिरवलं की सगळ्यात आधी तेच बोथट होतात. शिवाय आपलं नाव, उत्तरासाठी थांबणं, लहान मुलांशी बोलताना चढणारा सूर. एवढ्यावरून प्रोसेसर ठरवतो, हे वाक्य याच मुलासाठी आहे की नाही.

त्या ओळखीचं पुढे काय करायचं, हे नियम लिहून सांगावं लागतं. नियम लिहायची आमची ऑनलाइन सामायिक जागा म्हणजे पडवी. इचलकरंजी, सांगली, मिरज, निपाणी, इकडच्या आईबापांनी मिळून उभी केलेली. पडवीत प्रत्येक मुलाची स्वतःची एक खोली. तिथे आईबापांनी साध्या मराठीत नियम टाकायचे. ‘कुकरची शिट्टी कमी.’ ‘बाबांचा आवाज थोडा वर.’ आणि ज्यांनी काहीच टाकलेलं नाही, त्यांना लागू होते पडवीची मूळ पसंती. सगळे तिला डिफॉल्टच म्हणत. ती ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पडवी चालवणाऱ्या पालकांच्या समितीत कॉम्प्युटरची पदवी असलेली मी एकटी, आणि दिवसा घरी असणारीही मीच.

मी लिहिलं, समोरचा आवाज पूर्ण. बाकीचे आवाज जवळजवळ बंद. हॉर्न, किंकाळी, स्फोट तेवढे येऊ देत.

कारण उघड होतं. आमच्या घराखाली यंत्रमाग आहेत. गल्लीत आहेत, पुढच्या गल्लीत आहेत. शुक्रवारची सुट्टी सोडली तर या गावात खडखडाट थांबत नाही. नियम लागू झाला त्या दिवशी चार्वी पहिल्यांदा दुपारी यंत्र न उपटता झोपली, आणि मी तिच्याशेजारी बसून रडले. जयसिंगपूरच्या वळिवडेकरांनी समितीत माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. कुणालाही आपल्या खोलीत तो नियम बदलता येत होता. कुणी बदलला नाही. डिफॉल्ट म्हणजे वाढून आलेलं ताट. माणूस एखाद्या भाजीवर कुरकुरेल, पण उठून चुलीपाशी जाऊन दुसरी करून घेणार नाही.

आणि खरं सांगायचं तर नुसते माग नव्हते. त्या काळात आमच्या घरी येणारं प्रत्येक माणूस स्वयंपाकघरात सासूबाईंपाशी बसून हळू आवाजात एकच विचारायचं. कुणाकडून आलं म्हणायचं हे बहिरेपण? मला वाटलं, माझ्या लेकीच्या कानावर हे कधीच पडणार नाही. किती आयांना असं वचन देता येतं?

"ऋजुता," शिरीन मॅडम म्हणाल्या, "तू बोलायला कशी शिकलीस? आईनं पाटावर बसवून शिकवलं?"

"नाही."

"अर्धीअधिक भाषा आपण चोरून शिकतो. वडील सोफ्यावर लोळत फोनवर सांगतात, निघालोय, रस्त्यातच आहे. आई मावशीला म्हणते, साडी छान आहे, आणि मावशी गेल्यावर वेगळंच म्हणते. पोर कोपऱ्यात खेळत असतं. त्याच्याशी कुणी बोलतच नसतं. तिथंच त्याला कळतं की माणसाच्या पोटात एक असतं आणि ओठावर एक." त्या थांबल्या. "आपल्या मुलांपर्यंत फक्त ओठावरचं गेलंय. तेही चांगलं, सावकाश, त्यांच्याकडं बघून बोललेलं. तेव्हा मी पण हे बरोबरच आहे असं म्हटलं होतं तुला. तुझ्या एकटीचं नाही हे."

"आता बदललं तर?"

"सातआठ वर्षांपर्यंत मेंदूतल्या वाटा मऊ असतात. मग वळवणं अवघड. पण एकदम सगळ्यांचं उघडू नकोस. आधी चार्वीचं बघू."

"कळणार कसं जमतंय ते?"

"खोटं बोलू दे की तिला," त्या म्हणाल्या. "मग पडवीचं उघड."

घरी आले तर सासूबाई आणि त्यांची भाचेसून पोहे निवडत बसल्या होत्या, आणि भाचेसुनेच्या सासूचा पंचनामा चालला होता. मधोमध चार्वी जाऊन बसली आणि चित्र काढायला लागली. सासूबाईंनी आवाजसुद्धा खाली केला नाही.

"आई, पोरीसमोर कशाला?"

"तिला कुठं ऐकाय येतंय? तूच तसं बसवलंयस की. लोकांची पोरं म्हणजे नुसते टवकारलेले कान. आमची बघ, देवाची मूर्ती."

मी बघितलं. मूर्तीच होती. तिच्या डोक्यावरून सगळं घर जात होतं, आणि ती पिवळा खडू शोधत होती.

मला एक सवय आहे. चार्वीला काय ऐकू जातंय, याची रेघ माझ्या फोनवर उमटते. वाक्य पोचलं की रेघ उंच जाते, गाळलं की सपाट. बाळ असल्यापासून मी ती रेघ बघत आले. भाजी चिरताना, शाळेच्या फाटकाबाहेर, लग्नात पंगतीत. माझ्यापासून तिच्या कानांतलं काही लपलेलं नव्हतं. त्या दुपारी मी मागची रेघ काढून बघितली. घरात माणसं असतानाची दुपारच्या दुपार सपाट होती.

चार्वीच्या खोलीतला नियम मी बदलला. बाकीचे आवाज थोडे उघडे. पुढच्या आठवड्यात आणखी.

पहिल्यांदा परिणाम दिसला तो मंडईत. एक माणूस पाठमोरा फोनवर म्हणाला, "कुठं आहेस तू?" चार्वी थबकली. त्याच्या शर्टाला हात लावून म्हणाली, "इथे. मंडईत." माणूस दचकला, मग हसला. पलीकडे एका बाईनं विचारलं, "मेथी कशी दिली?" चार्वी तिला म्हणाली, "मला माहीत नाही." कुणीतरी हमालाला ओरडलं, "सरक की बाजूला." ती सरकली. मागून आणखी कुणी काही बोललं, ती वळली, पुढून कुणी बोललं, पुन्हा वळली. सगळ्यांना नीट, पूर्ण वाक्यात उत्तरं देत होती. कुणी बघतही नव्हतं. मग तिचा चेहरा आक्रसला.

"आई, सगळे माझ्याशी का बोलतायत?"

"तुझ्याशी नाही ग बोलत, बाळा."

"मग मला का ऐकू येतंय?"

मेथीच्या जुड्यांमध्ये मी पिशवी घेऊन उभी. मेथी न घेताच तिचा हात धरून निघाले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ती यंत्र उपटून उशीखाली ठेवायची. शाळेत मागच्या बाकावरची कुजबुज आपल्याशीच आहे समजून तिनं बाईंना मधेच थांबवलं. सासूबाई म्हणाल्या, "चांगली होती पोर. तुला कशात तरी हात घातल्याशिवाय चैन पडत न्हाई." सुयोग, माझा नवरा, दोघींच्या मधून वाट काढत खाली मागांकडे निघून जायचा. तिथे निदान कुणाचंच काही ऐकू येत नाही.

समितीला मी सगळं सांगितलं. डिफॉल्ट बदलावी लागेल म्हटलं. स्क्रीनवर चौकटींत आईबाप बसले होते.

वळिवडेकर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच म्हणालात बंद करा. तुमच्यावर भरोसा टाकून आम्ही खोलीचं दार पण कधी उघडलं नाही. आता तुम्हीच म्हणताय पोरं चुकीची वाढली?"

"चुकीची नाही. थोडं राहिलंय."

"आमची मुक्ता रात्रीची निवांत झोपती हो. तिला कशाला जगाची किटकिट?"

"दादा, जगाची किटकिट कळली नाही तर जगात राहील कशी?"

"तुमच्या पोरीला जमलं?"

मी म्हटलं, अजून नाही. चौकटी एकेक करून विझल्या.

मग एका संध्याकाळी जमल्यासारखं वाटलं. सासूबाई गॅलरीत फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, गुडघे गेले हो माझे, जिना उतरवत नाही. चार्वी माझ्याजवळ आली. "आई, आज्जी आत्ताच जिना उतरून आली. मग ती असं का म्हणाली?"

"तुला काय वाटतं?"

तिनं खूप विचार केला. "तिला त्यांच्याकडे जायचं नाहीये."

मी तिला उचलून घेतलं. एवढी मोठी मुलगी, पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तिला काही कळेना. मग ती माझ्या खांद्यावरून म्हणाली, "काल आज्जी तुझ्याशी बोलत होती. माझं नाव घेत होती. पण माझ्याशी बोलत नव्हती."

"हो."

"आधीपण बोलायचात? माझ्याबद्दल?"

"हो."

"तेव्हा मी कुठे होते?"

"इथेच होतीस. आमच्यासमोर."

ती खाली उतरली. त्या दिवशी मला वाटलं, आता हिला झोप लागणार नाही. लागली. झोप मला नाही लागली.

पुढच्या शुक्रवारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. माग बंद, गाव कसं कान धुऊन ठेवल्यासारखं. चार्वी बाहेरच्या खोलीत रंगवत होती. सुयोग चहा करत होता, आणि मी ओट्याला टेकून उभी होते. वळिवडेकरांचा पुन्हा मेसेज आला होता, शाळेतून बोलावणं आलं होतं, शिरीन मॅडम म्हणत होत्या घाई नको, आणि चार्वीचा वाढदिवस तोंडावर आला होता. सुयोगनं नुसतं विचारलं, "जेवलीस का ग नीट?" आणि माझं धरण फुटलं.

"दमले रे मी. माझ्याबरोबरच्या मुली कुठल्या कुठे गेल्या. मी फोनवरची एक रेघ बघत बसलेय. कधीकधी वाटतं, साधं मूल झालं असतं तर आज मी कोण असते."

"हळू बोल," सुयोग म्हणाला.

आणि मी, जिनं स्वतःच्या हातानं तो नियम उघडला होता, जिनं सासूबाईंना त्यावरून टोकलं होतं, ती मी जुन्या सवयीनं म्हणाले, "तिला कुठे ऐकू जातंय?"

सुयोग माझ्याकडे बघत होता. चहा उतू गेला, त्यानं गॅस बंद केला नाही. मी फोन काढला. रेघ उंच होती. ‘दमले’पासून शेवटपर्यंत, एकाही ठिकाणी सपाट नाही.

बाहेर आले. चार्वी पोटावर पालथी पडून रंगवत होती. सायकल होती चित्रात. चाकाचा हिरवा रंग रेघेबाहेर गेला होता, आणि ती कधी रेघेबाहेर जात नाही.

मी तिच्याशेजारी खाली बसले.

"चारू, आम्ही आत बोलत होतो ना. काय ऐकलंस?"

तिनं खडू खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मंडईतली ती घाबरी नजर नव्हती. ती माझा चेहरा वाचत होती, वरपासून खालपर्यंत. आजवर मी तिचा वाचत आले तसा.

"काही नाही," ती म्हणाली. "माग चालू होते ना. आवाज होता खूप."

मग खडू उचलून दुसरं चाक रंगवायला लागली. हे तिनं रेघेच्या आत रंगवलं, एकदम व्यवस्थित.

खालून काही म्हणजे काही आवाज नव्हता. गल्लीच्या टोकाला कुणीतरी बादली ठेवली, तीही ऐकू आली.

मी शिरीन मॅडमना कळवलं, चार्वी खोटं बोलली. लगेच उत्तर आलं, ‘अल्हमदुलिल्लाह. अभिनंदन ग. काय बोलली?’ त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तिसऱ्या प्रहरी पडवी उघडली. मूळ पसंतीच्या पानावर गेले आणि ‘बाकीचे आवाज’ समोरचा आकडा थोडा वर नेला. मुक्तासाठी, निपाणीच्या जुळ्यांसाठी, ज्यांची मला नावंही माहीत नाहीत त्या सगळ्यांसाठी. ज्यांना नको असेल त्यांनी आपल्या खोलीत जाऊन बंद करावं, दार कसं उघडायचं तेही या वेळी सविस्तर लिहिलं. बदल लागू व्हायच्या आधी प्रत्येक घरी एक सूचना जाते. ती लिहायला घेतली. ‘उद्यापासून मुलांना घरातलं सगळं बोलणं हळूहळू ऐकू येऊ लागेल. तरी पालकांनी घरात जपून बोलावं.’

शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. सगळे जपून बोलायला लागले, तर मी लिहिलेला जुना नियमच परत आला, फक्त यंत्राऐवजी माणसांनी चालवलेला. ते वाक्य मी पुसलं. पुसताना डोळ्यांसमोर एकेक स्वयंपाकघर येत होतं, आणि त्याच्या दाराशी, पाठमोरं, खेळणारं एकेक मूल.

‘लागू करा’ दाबलं. मग फोनवरची चार्वीची रेघही कायमची बंद केली. इथून पुढे तिनं काय ऐकलं, हे मला तिनं सांगितलं तरच कळणार होतं.

बाहेरून तिनं हाक मारली, "आई, सायकल बघायला ये."

"आले," मी म्हटलं, आणि तोंड धुवायला गेले.